कडू कंदाची नोंद

बाईंचा सरकारी हुद्दा एवढा लांबलचक होता की तो त्यांना स्वतःलाही धड पाठ नव्हता. पगाराच्या कागदावर तो दोन ओळी अडवून बसायचा. लोकांनी पहिल्याच वर्षी त्याचा निकाल लावला. काखेत जाड पुठ्ठ्याची वही, गळ्यात मोजपट्टी, पायात पुरुषी बूट, तेव्हा ह्या वहीवाल्या बाई. पुढे ऑफिसातला शिपाईसुद्धा फोनवर "थांबा, वहीवाल्या बाईंना देतो" म्हणू लागला आणि बाईंनी नाक मुरडणं सोडून दिलं.

काम म्हणाल तर ऐकणाऱ्याला हसू यावं असं. लोकांच्या घरामागे जायचं आणि तिथे काय काय उगवलंय ते मोजायचं. झाड, झुडूप, वेल, जमिनीखालचा कंद, कुंपणाला खोचलेली आणि तिथेच रुजलेली फांदी, काही म्हणजे काही सुटता कामा नये. मग प्रत्येकापुढे त्याचा उपयोग लिहायचा. खायला, औषधाला, जळणाला, जनावराला, सावलीला की विकायला. "जग कुठल्या कुठे चाललंय आणि आमची बहीण लोकांची अळूची पानं मोजतेय," असं बाईंचा थोरला भाऊ म्हणायचा, आणि वर तोच चार लोकांत तिची वही कौतुकानं दाखवायचा. बाईंचं लग्नाचं तेवढं राहून गेलं. कोणी खोदून विचारलंच तर त्या म्हणत, "मोजणीत तो प्रकार सापडला नाही."

त्यांच्या वाट्याला तीन मुलूख आले होते. डोंगरातल्या परसात ऊन जमिनीपर्यंत पोचायचंच नाही. वर फणस, फणसाच्या अंगावर चढलेला मिरीचा वेल, खाली केळी, केळीच्या पायाशी हळद आणि आलं, आणि त्याच्याही खाली मातीत कंदांची गर्दी. एका घरामागे त्यांनी ब्याण्णव प्रकार मोजले होते आणि त्या संध्याकाळी त्यांची बोटं आखडली होती. माळावर सगळंच उलटं. तिथे न्हाणीतून जेवढं पाणी बाहेर येईल तेवढीच बाग. त्या ओहोळाच्या दोन बाजूंना शेवगा, पपई, कढीपत्ता, चार मिरच्या, आणि कुंपणाला बोर. पंधरा-सोळा प्रकार भरले की बाई त्या घरच्या बाईची पाठ थोपटत. किनाऱ्यावर नारळ-सुपारीच्या सावलीत सगळा संसार, आणि वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या झाडांचीच गणती निम्मी. एकच निर्गुडी डोंगरात धान्याला कीड लागू नये म्हणून कणगीत जायची, माळावर दुखऱ्या सांध्यांना शेकायला, आणि किनाऱ्यावर बिचारी नुसती कुंपणात उभी असायची. बाईंना याची फार मौज वाटे. झाड तेच, पण घर बदललं की त्याची नोकरी बदलते, असं त्या म्हणत.

इतर मोजणारे पुढच्या दारानं जात. घरातल्या पुरुषासमोर खुर्ची टाकून बसत, चहा घेत आणि यादी करत. पुरुष मोठमोठी झाडं सांगायचा. लाकूड किती निघेल, फळं कितीला जातील. पायाखालच्या पाल्यावर बोट ठेवलं की म्हणायचा, "ते होय? ते असंच. गवत आहे." झालं, वहीत गवत. बाई मात्र मागच्या दारानं शिरत. खरकटं पाणी जिथे ओतलं जातं तिथून मोजायला सुरुवात करायची आणि प्रत्येक पानाचं घरच्या बाईला विचारायचं, हा त्यांचा नियम. भांडी घासता घासता ओल्या हातानं ती बाई मागे मागे यायची आणि सांगत सुटायची. हे पोट धरल्यावर, हे गाय आटली की, हे नुसतं वासाला. एकोणतीस वर्षांत बाईंच्या वहीत गवत हा शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतका आला असेल. "विचारायचं राहिलं असं माझ्याकडून कधी झालेलं नाही," असं त्या नव्या पोरापोरींना शिकवताना ऐकवत. गर्व नव्हता म्हटलं तर ते खोटं होईल. गर्व होता आणि तो त्यांनी उन्हातान्हात पाय झिजवून कमावला होता.

विचारायचं राहिलं ते एकदाच, आणि तेही स्वतःच्या घरी.

बाई मूळच्या डोंगरातल्या. भाऊ आणि वहिनी अजून तिथेच होते, ओढ्याकाठच्या घरात. त्या घरामागे एक काटेरी वेल होता, एका देठाला तीन तीन पानं, आणि जमिनीत डोक्याएवढे कंद. कडू कंद. पावसाआधीच्या दोन महिन्यांत कणगीचा तळ दिसू लागला की तो उकरायचा. चार भावंडं त्या कंदावर वाढली होती. त्या भागातली मोजणी चालू होती तेव्हा बाईंनी भावाच्या पायरीवर बसून आपल्याच घराचा तक्ता भरला. वहिनी आत भाकऱ्या थापत होती, तिला कशाला उठवायचं? आईच्या घरचं काय कोणाला विचारायचं? त्यांनी सरळ लिहिलं: कडू कंद, वेल, कंद खातात, काप करून उकडून, टंचाईचे महिने, पाणी न घालता वाढतो.

शेवटच्या चार शब्दांनी साहेबांचे डोळे चमकले. साहेब वयानं लहान, हुशार, मनाचा खरोखर चांगला माणूस. माळावरच्या लोकांसाठी काही करावं असं त्याच्या फार मनात होतं. पाणी न घालता वाढणारं अन्न! त्यानं पुस्तिका छापली, डोंगरातून बियाण्याचे कंद आणवले आणि माळावरच्या चाळीस घरांत वाटले. वाटायला बाई स्वतः गेल्या. आपल्या आईचा वेल चाळीस परसांत लागतोय म्हणून त्या दिवशी त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

त्या चाळीस घरांतलं एक पंपदुरुस्तीवाल्याचं होतं. नवरा गावोगाव पाण्याचे पंप नीट करत हिंडायचा. घरात त्याची आई, बायको आणि दोन मुली. ह्या सासू-सुनेचं भांडण म्हणजे गल्लीची करमणूक होती. सासूच्या जिभेला धार आणि सून उधारी ठेवणारी नव्हे. सुनेनं न्हाणीच्या पाण्याजवळ, शेवग्याच्या बुंध्याशी कंद लावायला घेतला तेव्हा सासू म्हणाली, "काट्याचा वेल कशाला दारात? तू आहेस ना." सून हसत बाईंना म्हणाली, "बघा हो बाई. एक दिवस यांच्या ताटात काहीतरी घालणार आहे मी, तेव्हा कळेल." सगळे हसले. सासू सगळ्यांत जास्त हसली. बाईंनी ते ऐकलं आणि पुढच्या घरी गेल्या.

तिसऱ्या वर्षी पाऊस हुकला. माळावरच्या बायकांना कंदाची आठवण झाली. पहिला उकरला तो पंपवाल्याच्या बायकोनं. दुपारी तिनं सासूला वाढलं. मुली शाळेत होत्या, नवरा कामावर, आणि ती स्वतः सगळ्यांचं झाल्यावर जेवणारी. तासाभरात म्हातारीला उलट्या सुरू झाल्या, मग झटके आले. शेजाऱ्यांनी गाडी करून दवाखान्यात नेलं. दिवस मावळायच्या आत ती गेली. सुनेनं घाबरून पातेल्यातलं उरलेलं परसात ओतून टाकलं होतं, आणि ते दोन शेजारणींनी पाहिलं होतं. त्या धसक्यानं बाकीच्या घरांनी कंदाला हातच लावला नाही.

आठवड्यानं चौकीतला हवालदार ऑफिसात आला. कंद विषारी आहे का, एवढंच त्याला लेखी हवं होतं. साहेबांनी बाईंना बोलावलं.

"विषारी?" बाई जवळजवळ ओरडल्याच. "अहो, माझ्या आईनं आम्हा चौघांना त्यावर वाढवलंय. कंदानं कोणी मरत नाही."

"मग कशानं गेली म्हणता?" हवालदारानं विचारलं.

बाईंना सुनेचं ते हसत बोललेलं वाक्य आठवलं. ते त्यांनी सांगितलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. पण त्या म्हणाल्या, "त्यात दुसरं काही मिसळलं असेल तर मला कसं कळणार?"

साहेबांनी पत्र तयार केलं. सदर कंद डोंगरी भागात पिढ्यान् पिढ्या खाल्ला जातो, शिजवून खाल्ल्यास त्यापासून अपाय होत नाही. खाली नोंद करणाऱ्याची सही म्हणून बाईंनी सही ठोकली. ठळक, लफ्फेदार, त्यांची नेहमीची.

त्या पत्रानं काय केलं ते बाईंना दीड महिन्यानं माळावरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून कळलं. पत्र पंपवाल्याच्या घरी मोठ्यानं वाचलं गेलं. नवऱ्याची थोरली बहीण आई गेली त्याच दिवशी धावत आली होती, ती दुखवट्यानंतरही घर सांभाळायला तिथेच राहिली. तिनं भावजयीला घराबाहेर काढलं. पंपवाला गप्प राहिला. सुनेचा भाऊ त्याच रस्त्यावर, समोरच्या बाजूला राहायचा. त्याच्या घरी ती गेली. तिथून तिला आपल्या मुली शाळेत जाताना दिसत. आत्यानं त्यांना बजावलं होतं, तिकडे बघायचंदेखील नाही. थोरली मान खाली घालून जायची. धाकटी बघायची, मग तिचं दप्तर ओढून तिला पुढे नेलं जायचं. चौकशी अजून चालूच होती. हवालदार येऊन पुन्हा पुन्हा तेच विचारायचा. कंद चांगला होता, तर मग त्यात घातलं काय?

बाई हळहळल्या. पण आपल्या पत्राचा त्यात दोष आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. माणसाच्या पोटात काय असतं कोणी सांगावं, असं म्हणून त्या कामाला लागल्या.

दर पाच वर्षांनी जुनी घरं पुन्हा मोजायची पद्धत होती. त्यासाठी बाई डोंगरात गेल्या आणि भावाकडे उतरल्या. दुपारची वेळ होती. वहिनी पायरीवर बसून, हाताला तेल चोपडून, कंदाचे पातळ काप करत होती. टोपली भरत आली होती.

"वन्सं, आलाच आहात तर तेवढी ओढ्याला बांधून या," वहिनी म्हणाली. "माझे गुडघे आताशा मला खाली उतरू देत नाहीत."

बाईंनी बूट काढले, टोपली कमरेवर घेतली आणि खाली गेल्या. लहानपणी हे काम त्यांचंच असायचं. पाणी वाहतं पण टोपली ओढून नेत नाही अशी जागा त्यांच्या पायांनीच शोधली. उंबराच्या मुळीला दोरी, दोन वेढे, एक गाठ. टोपली पाण्यात बसली तशी कापांमधून पांढुरकं पाणी सुटलं आणि प्रवाहाबरोबर खाली जाऊ लागलं. खालच्या डोहात त्या दिवसांत मासे उलटे तरंगायचे. बाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ते बघत होत्या. उद्या सकाळी काप उलटायचे. परवा पायांनी तुडवून पुन्हा पाण्यात. तिसऱ्या दिवशी एक काप उकडून जिभेला लावून बघायचा, चुरचुरलं तर आणखी एक दिवस. हे सगळं त्यांना येत होतं. श्वास घ्यायला येतो तसं येत होतं.

यातला एक शब्दही त्यांनी वहीत लिहिला नव्हता.

काठावरच्या दगडावर त्या ओल्या पायांनी बसून राहिल्या. किती वेळ गेला कोणास ठाऊक, शेवटी वहिनीच काठी टेकत टेकत खाली आली.

"काय झालं? पाय मुरगळला का?"

"वहिनी, हा कंद पाण्यात न ठेवता खाल्ला तर?"

"न ठेवता?" वहिनीला प्रश्नच कळेना. "न ठेवता कोण खाईल? जीव जड झालाय का कोणाला? डुकरंसुद्धा तोंड लावत नाहीत."

"नुसता काप करून, उकडून?"

"वन्सं, उन्हात फिरून तुमचं डोकं फिरलंय. चार वर्षांच्या पोरालाही माहीत असतं हे आपल्याकडे."

"म्हणूनच मी लिहिलं नाही गं," बाई म्हणाल्या आणि तोंडावर पदर घेऊन रडू लागल्या. आईच्या मागे त्या कोणासमोर रडल्या नव्हत्या. वहिनीनं काठी बाजूला टाकली आणि काही न विचारता शेजारी बसली. सगळं ऐकून झाल्यावर तिनं बाईंचे ओले पाय आपल्या पदरानं पुसले. मग म्हणाली, "मला विचारायचं होतंत. मी आतच तर होते."

फोन लागायचा तो फक्त वरच्या खिंडीत. बाई तिथवर चढून गेल्या आणि त्यांनी साहेबांना लावला.

"आधी चाळीसही घरांना कळवा. कंदाला हात लावू नका म्हणावं. आजच्या आज माणूस पाठवा."

साहेब हादरला. पण तो कामाचा माणूस होता. त्यानं ते लगेच केलं आणि तासाभरानं उलट फोन केला. "माणसं निघाली, बाई. पण त्या जुन्या पत्राचं जरा शांतपणे बघू. पुस्तिका ऑफिसची, सही तुमची. तुमच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. पुस्तिकेत सुधारणा छापू, ती सगळ्यांना वाटू. मागचं कशाला उकरायचं?"

"साहेब, ती बाई समोरच्या घरातून स्वतःच्या पोरींना बघतेय."

"जीप पाठवतो," साहेब म्हणाला.

नंतरच्या आठ महिन्यांत बाई त्या चाळीस घरांत एकेक करून स्वतः गेल्या, प्रत्येक परसात उभं राहून त्यांनी आपली चूक आपल्या तोंडानं सांगितली. काहींनी पाणी दिलं, काहींनी दार लावून घेतलं. पण आधी त्या गेल्या पंपवाल्याकडे. वहिनीला बरोबर घेतलं. वहिनी जन्मात पहिल्यांदा डोंगर उतरत होती. जीपमध्ये ती डोळे मिटून बसली होती, आणि माळावर आल्यावर उघडून म्हणाली, "अगं बाई, एवढंच का यांचं परस?" वाटेत चौकीवर थांबून बाईंनी नवं पत्र हवालदाराच्या हातात दिलं. त्यात एकच गोष्ट होती: पहिलं पत्र चुकीचं आहे, नोंद करताना विष काढण्याची कृती लिहायची राहिली, ही चूक माझी आहे.

मग त्या समोरच्या घरी गेल्या आणि सुनेला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर." ती ओळखू येत नव्हती. बाईंना वाटलं होतं ती भांडेल, शिव्या देईल. ती नुसती उठली, केस मागे सारले आणि निघाली.

पंपवाल्याच्या परसात शेवग्याखाली सगळे उभे राहिले. पंपवाला, त्याची थोरली बहीण, दाराआड दोन मुली. वेल कोणीतरी मुळापासून उपटून टाकला होता आणि त्याची वाळलेली काटेरी दोरी कुंपणावर लोंबत होती. बाईंनी सांगायला सुरुवात केली. त्यांनी काही गाळलं नाही. कंद त्यांच्या घरचा, नोंद त्यांची, सही त्यांची. "दोन-तीन दिवस वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय हा कंद खाल्ला तर माणूस मरतो. तुमच्या बायकोनं पुस्तिकेत होतं तस्संच केलं. तिनं काही मिसळलं नाही. मारलं असेल तर मी मारलं."

"कशावरून?" नणंद म्हणाली. "परवा तुम्हीच लिहून दिलंत, कंद चांगला आहे म्हणून. आज म्हणता विषारी. उद्या आणखी काही म्हणाल. हिच्या भावानं काही दिलंय का तुम्हाला?"

वहिनी पुढे झाली. अनोळखी घरात तिनं आवाज जरा खालीच ठेवला.

"बाई, मी हा कंद पन्नास वर्षं शिजवतेय. आमच्याकडे एका वर्षी ओढा आटला, तेव्हा वरच्या घरातल्या माणसानं घाई केली. घागरीतल्या पाण्यात रात्रभर ठेवून खाल्ला. दुपारपर्यंत उलट्या, झटके, आणि गेला. तुमच्या आईला काय काय झालं ते मी बघितलेलं नाही, पण मी सांगू का? आधी घसा जळला असेल. मग तोंडाला फेस, मग डोळे फिरले असतील, आणि शेवटी श्वासच घेता येईना."

नणंदेचा चेहरा उतरला. ती शेवटी दवाखान्यात पोचली होती; तिनं पाहिलं होतं. ती पायरीवर बसली.

पंपवाला बायकोकडे बघायला धजत नव्हता. त्यानं हातातला पाना उगाच फडक्याला पुसला, पुन्हा पुसला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "चल. घरात चल."

मुली दाराआडून पुढे आल्या. धाकटी धावत आईच्या कमरेला बिलगली. थोरली तिथेच थांबली, कारण दोन महिने आपण मान खाली घालून गेलो हे तिला आठवत असावं. आईनं तिच्यासाठी दुसरा हात पसरला तेव्हा ती आली. बाईंच्या छातीवरचं ओझं हललं. झालं ते भरून येणार नाही, पण एवढं तरी झालं, असं त्यांना वाटलं. त्या सुनेसमोर गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "मला माफ कर असं मी म्हणत नाही. पण आता सगळ्यांना कळलं. तुझ्यावर कोणी बोट दाखवणार नाही."

सून पहिल्यांदाच बोलली. आवाज शांत होता. रागसुद्धा नव्हता त्यात, आणि तो असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"दुसऱ्याच घासाला म्हणाल्या होत्या त्या. घशाला लागतंय गं. मी म्हटलं, माझ्या हातचं तुम्हाला कधी गोड लागलंय? तर ताट पुढे ओढलं आणि मुकाट्यानं सगळं संपवलं. एरवी अर्धं टाकायच्या. त्या दिवशी मला जिंकू द्यायचं नाही म्हणून संपवलं."

तिनं धाकटीच्या केसांवरून हात फिरवला.

"गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बोलता येत नव्हतं, पण शुद्ध होती. सगळा वेळ माझ्याकडे बघत होत्या. मी ते एकदा गमतीनं बोलले होते ना, तेच त्यांच्या डोळ्यांत होतं. बाई, तुम्ही ह्यांना सांगितलंत, चौकीत सांगितलंत, गल्लीलाही सांगाल. मी विष घातलं असं समजूनच त्या गेल्या. त्यांना कोण सांगणार?"